गाडीचे टायर बदलताना काय पाहावे?

(एक सभासद, मुक्काम काळाचौकी, मुंबई)



या बातमीपत्रातून आपण लागणीचे, खोडव्याचे, पाण्याच्या पाळ्यांचे पाठ वाचत आलो आहोत. आजचा पाठ जरा वेगळा, मोटारीच्या टायरचा आहे. पण टायर ही वस्तू आपणांस परकी नाही. लोखंडी धावेची चाके जाऊन हवेच्या टायरची बैलगाडी आली, तेव्हा बैलांच्या मानेवरचा भार किती हलका झाला हे जुन्या मंडळींनी डोळ्यांनी पाहिले आहे. हंगामात वजनकाट्यापुढे आजही टायरगाड्यांची रांग लागते. फरक एवढाच, की बैलगाडीचा टायर दगा देतो तेव्हा गाडी जागीच बसते. मोटारीचा टायर ताशी शंभराच्या वेगात दगा देतो, आणि त्या वेळी आत आपली मुलेबाळे असतात.

प्रस्तुत लेखक आपल्याच कारखान्याचा सभासद आहे. वडिलांच्या नावचा भाग वारसाने माझ्या नावावर आला. वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले. मी काळाचौकीतच राहिलो आणि टायरच्या दुकानात कामाला लागलो. टायर काढणे-चढवणे, पंक्चर, बॅलन्सिंग यांत पस्तीस वर्षे गेली. आज आपल्यापैकी अनेकांच्या दारात चारचाकी आहे, कोणाची मुले मुंबई-पुण्याहून गाडी घेऊन येतात. म्हणून या अनुभवातल्या चार गोष्टी लिहितो.

एक प्रसंग

आपल्याच भागातला एक तरुण मागच्या वैशाखात अभ्युदयनगरातून मला भेटावयास आला. आजोबा गिरणी कामगार, वडील गावी ऊस करतात, हा मुंबईत नोकरीला. त्याने जुनी फोक्सवॅगन पोलो घेतली होती, तीही जी.टी. टी.एस.आय. प्रकारातली. ही गाडी आपल्या चाकणच्या कारखान्यात बनत असे. २०१० साली ती येथे बाजारात आली व २०२२ साली तिचे येथील उत्पादन बंद झाले; पण तरुण मंडळींच्या मनातून ती अजून उतरलेली नाही. दिसायला छोटी, पण इंजिन जोरकस. पाय दाबला की उसळी घेते.

पोरगा म्हणाला, "काका, टायर गुळगुळीत झालेत. मित्राने दोनशे पाचचे टाकलेत, तसलेच जाडजूड टाकायचे म्हणतोय. गाडी कशी रस्त्याला चिकटून बसली पाहिजे."

मी विचारले, "गाडी वर्षाला किती चालते तुझी?"

त्याला सांगता येईना. सर्व्हिसची बिले काढून हिशेब मांडला, तर वर्षाला सहा हजार किलोमीटर कसेबसे भरले. आठवडाभर गाडी रस्त्याच्या कडेला उभी. वर्षातून सात-आठ फेऱ्या गावी, तेव्हा मात्र घरची पाच माणसे आणि येताना तांदूळ, गूळ, शेंगांची पोती. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. टायरची निवड शेवटी त्यावरच ठरली.

तळहाताएवढी जागा

पाच माणसे व सामान धरून अशा गाडीचे वजन सुमारे दीड हजार किलो होते. म्हणजे एका टायरवर पावणेचारशे किलो. टायरमध्ये ३३ पौंड हवा धरली तर तो दाब चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास येतो. भागाकार करून पाहा: एका टायरची रस्त्याला टेकलेली जागा अंदाजे १६० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पुरुषाच्या तळहाताएवढी. इंजिन कितीही ताकदीचे असो, ब्रेक कितीही चांगले असोत, त्यांचे काम रस्त्यापर्यंत पोहोचते ते या चार तळहातांतून. म्हणून टायरला गाडीचे शेवटचे नव्हे, पहिले सुटे भाग समजावे.

पावसात या तळहाताखाली पाणी येते. ताशी ९० च्या वेगाला गाडी सेकंदाला २५ मीटर पळते आणि पोलोचे चाक तेवढ्यात तेरा फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात खालचे पाणी बाजूला सारायचे काम टायरच्या नक्षीतल्या चरांचे. शेताला चर नसला तर पाणी तुंबते व ऊस पिवळा पडतो. टायरचा चर बुजला तर पाणी खालीच राहते आणि टायर त्यावर तरंगतो. तरंगलेल्या गाडीला स्टिअरिंगही नसते आणि ब्रेकही नसतो.

टायर केव्हा बदलावा?

नव्या टायरचे चर साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असतात. आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. ही मर्यादा ओळखण्यासाठी चरांच्या तळाशी आडव्या रबराच्या छोट्या पट्ट्या असतात. टायरच्या बाजूस टी.डब्ल्यू.आय. ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोण दिसेल, त्याच्या रेषेत पाहावे. पट्टी नक्षीच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण १.६ ही कायद्याची शेवटची रेघ आहे. पावसाळ्यात लांबचा प्रवास करणाराने ३ मिलिमीटरलाच बदलण्याची तयारी करावी.

टायर नुसता घासून संपत नाही, वयानेही संपतो. ऊन, खारी हवा, एका जागी उभे राहणे यांनी रबर कडक होते व बाजूला बारीक चिरा पडतात. काळाचौकीत माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक टायरांची नक्षी भरपूर शिल्लक असे, पण रबर वाळल्या चामड्यासारखे झालेले. पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा. दहा वर्षांचा टायर, मग तो स्टेपनीचा का असेना, वापरू नये.

बाजूला फुगा आला असेल तर त्याच दिवशी टायर उतरवावा. खड्ड्यात आपटून आतले दोरे तुटले, की हवा तेथून बाहेर ढकलते. फुग्याला दुरुस्ती नाही. बाजूच्या पंक्चरलाही नाही.

पान पाहून पिकाचा रोग ओळखतो, तसे झीज पाहून गाडीचा दोष ओळखता येतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहिली. मधला भाग झिजला तर हवा जास्त भरली. एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडले. हा दोष काढल्याशिवाय नवा टायर टाकू नये; तोही तसाच खाल्ला जाईल.

टायरवरचे आकडे

या पोराच्या गाडीला मूळचे माप होते १८५/६० आर १५, पुढे ८४ आणि एच. याचा अर्थ असा.

१८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये.

६० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, येथे १११ मिलिमीटर.

आर म्हणजे रेडियल बांधणी, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत.

८४ हा भाराचा आकडा. तक्त्याप्रमाणे ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो. ८२ म्हणजे ४७५, ८८ म्हणजे ५६०.

एच हे वेगाचे अक्षर, ताशी २१० किलोमीटरपर्यंत. टी म्हणजे १९०, व्ही म्हणजे २४०. एवढ्या वेगाने कोणी जावे असा अर्थ नाही. त्या वेगाच्या उष्णतेला टायर टिकतो एवढेच. भाराचा आकडा व वेगाचे अक्षर मूळच्यापेक्षा खाली कधीही घेऊ नये.

याशिवाय डी.ओ.टी. अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३५२४ असेल तर २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. ही टायरची जन्मतारीख. बियाणाच्या पिशवीवरची तारीख आपण पाहतो, मग वीसपट किमतीच्या टायरची का पाहू नये? दुकानात चारही टायरांच्या तारखा खाली वाकून स्वतः वाचाव्यात. एका बाजूला नसेल तर दुसऱ्या बाजूला असते. वर्षाच्या आतला माल मागावा. तसेच आय.एस.आय.ची खूण व आय.एस. १५६३३ हा आकडा पाहावा. मोटारीच्या टायरला तो सक्तीचा आहे.

जाड टायरचा मोह

आता मित्राने टाकलेल्या २०५ च्या टायरकडे वळू. त्याचे माप होते २०५/६० आर १५. रिम तेच, पण रुंदी वाढली की ६० टक्क्यांमुळे उंचीही वाढते. पोरासमोर कागदावर हिशेब केला:

१८५/६० आर १५ : पूर्ण व्यास ६०३ मिलिमीटर.
१९५/६० आर १५ : ६१५ मिलिमीटर, २ टक्के जास्त.
२०५/६० आर १५ : ६२७ मिलिमीटर, ४ टक्के जास्त.

चाक ४ टक्के मोठे झाले की काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा चार किलोमीटर जोरात असते. गाडी उचलायला जड होते, म्हणजे ज्या उसळीसाठी ही गाडी घेतली तीच कमी होते. पेट्रोल जास्त लागते. पाच माणसे बसल्यावर खड्ड्यात टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासू शकतो. आणि वजन तेच असताना टायर रुंद झाला, की साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. कोरड्या रस्त्यावर वळणात थोडी पकड वाढते हे खरे. पण आपल्याला घरी जायचे असते ते आषाढात, खंबाटकीच्या घाटातून.

सर्वसाधारण नियम असा, की व्यासातला फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवावा, आणि गाडीच्या कंपनीने मान्य केलेले माप मिळत असेल तर दुसरीकडे पाहूच नये. दाराच्या चौकटीवर, पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा पुस्तिकेत ते माप लिहिलेले असते.

आपला वापर ओळखा

"कोणत्या कंपनीचा टायर चांगला?" हा प्रश्न मला हजार वेळा आला असेल. एम.आर.एफ., अपोलो, सिएट, जे.के., ब्रिजस्टोन, मिशेलिन, गुडइयर, योकोहामा, कॉन्टिनेन्टल या सर्वांचे टायर रस्त्यावर पळत आहेत. पण प्रत्येकाकडे चार-पाच जाती असतात, आणि जातीजातींत जो फरक तो कंपन्यांतल्या फरकाहून मोठा असतो. उसाचेही तसेच. को ८६०३२ चांगली की दुसरी, हे जमीन व पाणी पाहिल्याशिवाय कोण सांगेल?

टायरची मुख्य ओढाताण अशी: रबर मऊ असेल तर पकड चांगली, विशेषतः ओल्यात, पण झिजते लवकर. रबर कडक असेल तर किलोमीटर जास्त, पण ओल्यात पकड कमी. नवी रसायने वापरून कंपन्यांनी ही दरी बरीच कमी केली आहे, तरी ती पूर्ण बुजलेली नाही. काही टायरांवर ट्रेडवेअर म्हणून आकडा असतो. मोठा आकडा म्हणजे जास्त टिकणारा. त्याच ओळीत ट्रॅक्शनसाठी एए, ए, बी, सी अशी प्रत असते, ती ओल्या रस्त्यावर थांबण्याची. ट्रेडवेअरची तुलना एकाच कंपनीच्या टायरांत करावी.

आता या पोराचा हिशेब घ्या. वर्षाला सहा हजार किलोमीटर, म्हणजे सहा वर्षांत छत्तीस हजार. तोवर टायर वयाने बाद होणार. मग साठ-सत्तर हजार चालणारा कडक टायर घेऊन त्याचा फायदा काय? न चाललेल्या किलोमीटरचे पैसे द्यायचे, आणि त्या बदल्यात पावसातली पकड गमवायची. त्याला मी सांगितले, "तुला टिकाऊ टायर नको. तुला ओल्यात धरणारा टायर पाहिजे."

त्याचा रस्ताही पाहावा. काळाचौकीच्या खड्ड्यांतून निघाला की शिवडी हाकेच्या अंतरावर. तेथून २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला अटल सेतू, वेगमर्यादा ताशी १००. पुढे द्रुतगती मार्ग, घाट, मग पुण्याच्या बाहेर कात्रजकडून नवले पुलाकडचा उतार किंवा गावाकडे जाताना खंबाटकी. म्हणजे एकाच टायरला पहिल्या दहा मिनिटांत खड्डे आणि पुढे तीनशे किलोमीटर वेग. अशा वेळी फार बुटक्या बाजूचा टायर व मोठे रिमही नको. खड्ड्यात रिम वाकते आणि फुगा येतो.

याउलट गावी राहणाऱ्या सभासदाचा वापर वेगळा. रोज तालुक्याला जाणे, वर्षाला वीस हजार किलोमीटर, शेतरस्त्यावरचे दगड, हंगामात डांबरी रस्त्यावर सांडलेला चिखल व चिपाडे. त्याने मजबूत बाजूचा, मध्यम रबराचा, जास्त चालणारा टायर घ्यावा. त्याची नक्षी वयाच्या आधी संपते, म्हणून टिकाऊपणाचे पैसे त्याला वसूल होतात. गाडी एकच असली तरी दोघांना दोन टायर योग्य ठरतात ते असे.

एक इशारा. ट्रॉलीला आपण रबर चढवलेला टायर वापरतो, त्यात चांगले काम करणारे कारागीर आहेत. पण जोरात पळणाऱ्या मोटारीला तो वापरू नये. गुळगुळीत टायरवर गरम पात्याने चर कोरून "कमी चाललेला" म्हणून विकतात, तो तर साक्षात मृत्यू. कोरलेला चर हाताला खरखरीत लागतो, आणि तळाशी पट्ट्या नसतात.

दोनच टायर घ्यावयाचे तर

चारही एकदम बदलणे उत्तम. पण चार चांगले टायर म्हणजे सात-आठ टन उसाचे पैसे; प्रत्येकाला जमेलच असे नाही. मग दोन घ्यावेत, एकाच मापाचे व जातीचे, आणि ते मागे टाकावेत.

हे ऐकून लोक हसतात. इंजिन पुढच्या चाकांना फिरवते, वळवायचे पुढच्यांनी, ब्रेकचा जोरही पुढे. मग नवे मागे कशाला? मीही तसेच समजत होतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गृहस्थांच्या मारुती झेनला मी माझ्या हाताने दोन नवे टायर पुढे चढवले आणि झिजलेले मागे ठेवले. जुलैत ते आईला घेऊन गावी निघाले. घाट उतरताना पाण्यातल्या वळणावर गाडीचा मागचा भाग सटकला, गाडी गरकन फिरली आणि कठड्यावर आदळली. म्हातारीचा हात दोन ठिकाणी मोडला. गृहस्थांनी मला एका शब्दाने दुखवले नाही. पण त्या म्हातारीचा हात पुढे भाकरी थापायला कधी नीट वळला नाही, आणि त्यांच्या घरी गेलो की माझे लक्ष तिकडेच जाई.

कारण समजून घ्यावे. पुढचे टायर सुटले तर गाडी सरळ जाऊ पाहते. पाय काढला, वेग उतरला की ती पुन्हा हातात येण्याची शक्यता असते. मागचे सुटले तर गाडी फिरते, आणि फिरणारी गाडी सावरणे साध्या ड्रायव्हरच्या हातात नाही. म्हणून चांगले टायर मागे. त्या दिवसानंतर मी गिऱ्हाइकाशी भांडून नवे टायर मागे टाकत आलो.

हवेची गोष्ट

उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी भरावी, असा समज गावोगाव आहे. तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्याने तापते, आणि तापल्याने आतले थर सुटतात. समृद्धी महामार्गासारख्या लांब, सरळ रस्त्यावर तासन् तास एकाच वेगाने जाताना ही उष्णता साठत जाते. म्हणून हवा लिहिल्याप्रमाणे भरावी, सकाळी टायर थंड असताना मोजावी. पूर्ण भाराचा आकडा वेगळा दिलेला असतो. पोती भरली की तो पाळावा. प्रवासात टायर तापून आकडा वाढला तर मध्येच हवा सोडू नये.

नायट्रोजन भरला तर चालतो, तो कोरडा असतो. पण साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच आहे. पंधरा दिवसांनी हवा तपासणाऱ्याला त्याची फारशी गरज नाही.

दुकानात

नव्या टायरबरोबर वॉल्व्ह नवा घालावा, बॅलन्सिंग करावे, अलाइनमेंट तपासावे. बाजूवर फिरण्याचा बाण असेल तर तो गाडी पुढे जाण्याच्या दिशेने पाहिजे. "आउटसाइड" लिहिले असेल तर ती बाजू बाहेर. टायरचे क्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्यावे. पहिले दोनेकशे किलोमीटर बेताने चालवावे, कारण नव्या रबरावर घसरडा थर असतो. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल करावी, आणि स्टेपनीची हवा विसरू नये.

पोराने शेवटी मूळ मापाचेच, १८५/६० आर १५ चे, ओल्या रस्त्याला धरणारे चार टायर घेतले. थोडा हिरमुसला होता. दिसायला गाडी होती तशीच राहिली ना! आषाढात गावाहून त्याच्या आईचा फोन आला. म्हणाल्या, "भावजी, येताना लई पाऊस व्हता. घाटात आमच्या म्होरची गाडी घसरत गेली, आपली जाग्याव हुबी राह्यली." मी म्हटले, "वहिनी, पोराला सांगा, हवा तपासत जा म्हणावं."

थोडक्यात सांगावयाचे तर, वर्षाचे किलोमीटर व रस्ता आधी लिहून काढा, माप, भार व वेगाचे अक्षर मूळचे ठेवा, तारीख वाचा, दोन घेतले तर मागे टाका, हवा थंड टायरवर मोजा. आणि आज संध्याकाळी बॅटरी घेऊन दारातल्या गाडीच्या चारही टायरांच्या बाजू, चरांतल्या पट्ट्या आणि ते चार आकडे पाहा. आतल्या बाजूलाही वाकून पाहा. फुगा बहुधा तिकडेच असतो.